मुकी गाडी

बेडश्याच्या सोपान घाऱ्यांना माणसांचं बोलणं फारसं कधी उमगलं नाही, पण इंजिनाचं बोलणं त्यांना लगेच कळायचं. लोणावळ्याच्या स्टँडवर टूरिस्ट जीप चालवण्यात त्यांची हयात गेली. कार्ला, भाजे, भुशीचं धरण, पुन्हा स्टँड. मागच्या सीटवर मुंबईची मंडळी भांडत, गात, रडत, एकमेकांची लग्नं ठरवत आणि मोडत. त्यातलं एक अक्षर यांच्या कानात शिरायचं नाही. कान बॉनेटखाली असायचा. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर आपापल्या गाड्या घेऊन यायचे, म्हणायचे, "भाऊ, जरा ऐका." मग सोपानभाऊ मान तिरकी करायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, बेल्ट गेलाय, नाहीतर टॅपेट वाजतंय. बहुतेकदा तेच निघायचं. त्याचा त्यांना तोरा होता, आणि का नसावा?

त्यांची बायको सरुबाई म्हणायची, "जीपला सर्दी झाली तर ह्यांना पडल्या पडल्या कळतं. मला ताप आला तर तोंडानं सांगावं लागतं." हे ती हसत म्हणायची. पुढे तिला खरंच मोठं दुखणं लागलं, तेव्हा तिनं तोंडानं सांगितलं नाही आणि यांना कळलं नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. हे सोपानभाऊंच्या, म्हणजे घरच्या आबांच्या, जिवाला फार लागलं, आणि ते बोलून दाखवावं असं माणूस आता घरात नव्हतं.

निलेश हा त्यांचा एकुलता मुलगा. आईनं हट्टानं शिकवला, चाकणच्या बाजूला कंपनीत लागला, वराळ्याला फ्लॅट घेतला, सारिकाशी लग्न झालं. आई गेल्यावर वर्षभरात कंपनीनं त्याला पोलंडला पाठवलं. फ्लॅट भाड्यानं गेला, सामान इकडं तिकडं वाटलं गेलं, आणि त्याची हौसेनं घेतलेली, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी पांढरी हायब्रिड गाडी बेडश्याला आबांच्या गोठ्यात येऊन उभी राहिली. गोठा रिकामाच होता. दावणीला बांधायला काही उरलं नव्हतं, तर मोटार बांधली.

"आबा, नुसती उभी ठिवू नका. चालवत जावा," जाताना निलेश म्हणाला.

"मला शिकवू नगंस," आबा म्हणाले. बापलेकाचा निरोप एवढाच झाला.

त्यानंतर घर फार मोठं झालं. सकाळी एक भाकरी थापायची, तीच दोन वेळा खायची. शेजारच्या भागुबाई मधून मधून कालवण आणून द्यायच्या, उंबऱ्यातूनच द्यायच्या आणि जायच्या. रविवारी लेण्यांवर जाणाऱ्या पोरापोरींचा गलका पायथ्याच्या वाटेवरून यायचा आणि वर निघून जायचा. बाकी घरात आवाज म्हणून नव्हता. निलेशनं पहिल्या पगारात आईसाठी आणलेला फ्रीज होता, तोही इतका गुणी की चालू आहे की बंद हे दार उघडल्याशिवाय समजायचं नाही. आबा कधी कधी उगाच दार उघडून आतला दिवा बघायचे.

रविवारी संध्याकाळी निलेशचा फोन यायचा.

"आबा, जेवला का?"

"व्हय."

"तब्येत?"

"बरी हाय."

"पाऊस?"

"हाय की."

"बरं. ठिवतो मग."

संपलं. आठवडाभर ज्या फोनची वाट बघायची, तो घोटभर चहा निवायच्या आत संपायचा. यात निलेशचा दोष होता असं नाही आणि आबांचाही नव्हता. दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच लागली नव्हती. बाप दिवसभर गाडीवर, आणि घरी आला की झोपलेला. पोरगं आईला सांगायचं, आई नवऱ्याला सांगायची. नवरा हूं करायचा, आई तो हूं सजवून पोराला नेऊन द्यायची. ती मधली वायर तुटली आणि दोन्ही टोकं नुसती लोंबत राहिली.

गाडीवर आबांचा पहिल्या दिवसापासून राग. बटण दाबलं तरी आवाज नाही. ही कसली गाडी? गावातली पोरं तिला 'मुकी' म्हणायला लागली, आबांनाही ते पटलं. पण उभी गाडी रोज सकाळी थोडा वेळ चालू करून ठेवायची, नाहीतर ती रुसते, हा स्टँडवरचा नियम त्यांच्या अंगात मुरलेला होता. तेव्हा चहा झाला की ते गोठ्यात जायचे, आत बसायचे, बटण दाबायचे. समोर दिवे लागायचे, पंखा वारा सोडायचा. आवाज काही नाही, पण मुकीचं ते वळणच. आबा तसेच बसून राहायचे. सीटवर निलेशच्या अंगाच्या अत्तराचा वास अजून होता. मग पुन्हा बटण दाबून ते बाहेर यायचे. एक दिवस चुकवला नाही.

आणि एका सकाळी मुकी मेली. बटण दाबलं तर दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. ज्यांच्या हातात कुणाचं डबडं मेलं नव्हतं, त्यांच्या हातात लेकाची नवी गाडी गेली. कामशेतहून त्यांचा जुना दोस्त, कैलास मिस्त्री, आला. त्यानं बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

"भाऊ, ती नारिंगी वायर दिसली का? तिला आपून हात लावत न्हाई. लय ताकदीचा करंट असतो तितं. पोराला फोन लावा."

स्वतःहून फोन लावायचा धीर आबांना झाला नाही, ते रविवारची वाट बघत राहिले. फोन आला, आणि निलेशनं 'जेवला का' विचारायच्या आत आबा म्हणाले, "गाडी बंद पडली. मी काय बी केलं न्हाई. रोज सकाळी चालू करून ठिवत हुतो."

"चालू कशी करत हुता?"

"बटण दाबून. आनि कशी?"

"बटण दाबताना ब्रेकवर पाय ठिवत हुता का?"

"ब्रेकवर कशाला? उभ्या गाडीला ब्रेक?"

मग निलेश हसायला लागला. आबांनी त्याचं हसणं आईच्या आजारपणापासून ऐकलं नव्हतं. ते आधी चिडले आणि मग चिडायचं विसरले.

"आबा, ऐका," निलेश म्हणाला. "ह्या गाडीत दोन बॅटऱ्या हायत. एक थोरली, गाडी वढणारी. एक धाकटी, आपल्या जीपला असायची तसली. दिवे, पंखा, दाराची कुलपं, समदं धाकटीवर. ब्रेकवर पाय न ठिवता बटण दाबलं की नुसती धाकटीच जागी हुती. थोरलीला पत्ताच नसतो. तुमी रोज धाकटीकडनं काम करून घेतलं आनि तिच्या पोटात काय पडलंच न्हाई. ती मेली."

"मग थोरलीनं तरी उठायचं. तिच्यात करंट हाय ना?"

"तिच्यात भरपूर हाय. पन धाकटीनं हाक मारल्याबिगर ती उठत न्हाई. ब्रेक दाबायचा, मग बटण, मग समोर हिरवी अक्षरं येत्यात. ती आली की गाडी तयार. आवाज न्हाई म्हंजे गाडी बंद हाय असं न्हाई आबा, आनि दिवा लागला म्हंजे गाडी चालू हाय असं बी न्हाई. हिरवी अक्षरं बघायची."

आबांनी ते तीनदा विचारलं. पहिल्यांदा कळलं नाही म्हणून, दुसऱ्यांदा खात्री म्हणून. तिसऱ्यांदा कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी तिकडून सारिकाची 'अहो, ताट वाढलंय' अशी हाक आली. फोन ठेवला तेव्हा आबांचा कान गरम झाला होता. ते बराच वेळ त्या कानावर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी कैलासनं, पोलंडहून निलेश सांगेल तसं, आपल्या गाडीच्या बॅटरीच्या वायरी लावून धाकटीला उठवलं. तिनं थोरलीला हाक मारली. हिरवी अक्षरं आली. आबा मुकीला घेऊन पवनानगरपर्यंत जाऊन आले आणि येताना गुणगुणत होते, असं भागुबाईंचं म्हणणं.

आता आबा रोज गाडी काढायला लागले. काम काही नसायचं. दुधिवऱ्याच्या खिंडीतून लोणावळ्याला जायचं, जुन्या स्टँडवर उभं राहायचं, ओळखीचं कुणी दिसतंय का बघायचं आणि परत यायचं. ओळखीचे फारसे उरले नव्हते. जे होते ते फोनवर गिऱ्हाइकांशी बोलत असायचे. पण मुकी मात्र दर आठवड्याला काहीतरी नवीन करायची, आणि आबा ते जपून रविवारपर्यंत आणायचे.

मळवलीच्या रेल्वे फाटकात मुकी गुपचूप उभी होती, आबांनी कशाला हात लावला नव्हता, आणि इंजिन आपलं आपण सुरू झालं. आबांनी दचकून शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघितलं. रविवारी निलेशनं सांगितलं की एसी चालू होता, थोरलीतला करंट उतरला, म्हणून गाडीनं इंजिन लावून तिला पाजलं. मग इंद्रायणी तांदळाचं पोतं मागच्या सीटवर टाकून आणताना मागून घोंघों आवाज यायला लागला. "आबा, सीटच्या कडंला जाळी हाय, ती थोरलीचं नाक हाय, तितनं ती वारा घेती. तुमी नाकावर पोतं ठिवलं," निलेश म्हणाला, आणि दोघंही हसले. बापलेक एकाच वेळी हसले, ही गोष्ट आबांनी भागुबाईंना सांगितली. त्यांना त्यात विशेष काय ते कळलं नाही.

पण खरी घबराट झाली खंडाळ्याच्या घाटात. खोपोलीला एका दहाव्याला निघाले होते. घाट निम्मा उतरला, पाय नुसता ब्रेकवर, आणि इंजिन एकदम बोंबलायला लागलं. ॲक्सिलरेटरला स्पर्श नाही आणि आवाज असा की चढावर गाडी ओढतेय. आबांनी कडेला घेतली, उतरले, बॉनेटवर हात ठेवला. त्यांचा एवढा मोठा कान, पण त्याला अर्थ लागेना.

"कसा आवाज येत हुता? काढून दावा," रविवारी निलेश म्हणाला.

आबांनी इकडं तिकडं बघितलं. घरात कोण होतं बघायला? त्यांनी ओठ मुडपले आणि घशातून तो आवाज काढला, बारीक सुरुवात करून चढत नेलेला.

"आबा, मी जेवत नसायचो तवा तुमी असा जीपचा आवाज काढायचा. आठवतं का?"

आठवत होतं. निलेश लहानपणी जेवायला फार छळायचा. आबा जेवायच्या वेळी घरी सापडले, म्हणजे क्वचितच, तर ते तोंडानं जीप खंडाळ्याच्या घाटात चढवायचे. जीप माथ्यावर पोचली की पोरगं आ करायचं, सरुबाई घास घालायची, आणि भरल्या तोंडानं ते म्हणायचं, "आजून." पण आबांना हे बोलता आलं नाही. ते म्हणाले, "व्हय. बरं, गाडीचं सांग."

निलेशनं सांगितलं. उताराला चाकंच थोरलीला भरतात. ती काठोकाठ भरली की करंट ठेवायला जागा उरत नाही. मग गाडी इंजिनाला नुसतं फिरवते, स्वतःला मागं धरून ठेवायला. पेट्रोल जळत नाही.

"म्हंजे आमी घाट उतरताना दुसरा गिअर टाकून गाडी दाबून धरायचो, तसं?"

"बरोब्बर, आबा. अगदी तसंच."

ते 'बरोब्बर' आबांनी आठवडाभर पुरवून खाल्लं.

पाऊस सरला, भात कापून झालं, आणि तोवर मुकीचं सगळं वागणं आबांना पाठ झालं. फाटकात उभं असताना ते मनात म्हणायचे, आता लागेल, आणि इंजिन लागायचं. घाटाच्या कोणत्या वळणावर थोरली भरेल आणि आवाज चढेल, तेही त्यांना आधी कळायचं. कानानं नाही तर पायाच्या तळव्यानं आणि समोरच्या बॅटरीच्या काट्यानं त्यांनी ही गाडी ऐकायला शिकून घेतली होती. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. आबांची मात्र पंचाईत झाली. त्या रविवारी फोन आला, "आबा, जेवला का?" "व्हय." "गाडी?" "झ्याक हाय." "बरं, ठिवतो मग." चहा निवलाही नाही.

मग पुढच्या रविवारी आबांनी विचारलं, "ते फाटकात इंजिन आपलं आपण लागतं, ते कशापायी म्हनालास?" निलेशनं पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी नाकाचं विचारलं. ज्याला सगळा स्टँड गाडी ऐकायला बोलवायचा, तो माणूस लेकापुढे अडाण्याचं सोंग घ्यायला लागला. लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा भूक मोठी होती. "आबा, ऐका," असं म्हणून निलेश सुरू करायचा, त्या दोन शब्दांसाठी ते काहीही विसरायला तयार होते.

पण तेच तेच किती दिवस चालणार? निलेशची उत्तरं आखूड व्हायला लागली. "मागं सांगितलं की आबा. हिरवी अक्षरं." एकदा तर त्याच्या आवाजात काळजी आली, आबांना विसरायला व्हायला लागलं की काय अशी. आता नवीन काहीतरी पाहिजे होतं, आणि गाडी शहाण्यासारखी वागत होती. त्या रविवारी आबा बोलून गेले, "परवा घाटात बंद पडली. चालता चालता. मधोमध."

पलीकडून 'आबा, ऐका' आलं नाही.

"तुमाला काय झालं न्हाई ना?" निलेशनं विचारलं. आवाज घाबरलेला होता. आबांना, खरं सांगायचं तर, तो घाबरलेला आवाज ऐकून बरं वाटलं. आपल्यासाठी कुणीतरी घाबरतंय, ही जाणीव त्यांना फार दिवसांनी झाली. त्यांनी दोन खोटी वाक्यं आणखी घातली. मागून ट्रक येत होता म्हणाले.

आठवड्याच्या मध्येच फोन वाजला. रविवार नसताना. आबांनी धावत जाऊन उचलला.

"आबा, गाडी काढून टाकू," निलेश म्हणाला. "तळेगावचे शौनक जोगळेकर म्हनून ओळखीचे हायत, त्यांना पायजे. मी त्यांना लपवलं न्हाई, घाटात बंद पडली ते सांगितलं. ते घाटातच चालवून बघतो म्हनाले. तुमी एकटे त्या घाटात, मागं ट्रक... मला झोप न्हाई, आबा."

स्वतःच्या हातानं आबांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. गाडी गेली की रविवार गेला, हे त्यांना लख्ख दिसत होतं. मी खोटं बोललो, गाडीला काही झालेलं नाही, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. "बरं," ते म्हणाले.

शौनक जोगळेकर सकाळी बेडश्याला आले. बँकेत अधिकारी, स्वभावानं सावध, बोलायला सौम्य. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, टायर दाबून बघितले, 'काका, आपण बसा शेजारी' म्हणाले आणि स्वतः चालवायला बसले. काही विचारायचं झालं तर बरं म्हणून त्यांनी निलेशला फोन लावून तो गाडीच्या स्पीकरला जोडला. निलेशचा आवाज चारी दारांतून आला. आबा त्याच्याशी इतक्या जवळून कधी बोलले नव्हते, आणि आता बोलायला काही नव्हतं.

कामशेत, मग लोणावळा, मग घाट. पहिल्याच वळणावर निलेशचा आवाज तुटायला लागला आणि गप्प झाला. "रेंज गेली वाटतं," शौनक म्हणाले. आबा काट्याकडं बघत होते. थोरली भरत आली होती. पुढच्या वळणावर आवाज चढणार.

चढला. शौनकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळले.

"हे काय होतंय? काका, हे काय? मी पाय पण लावलेला नाही." त्यांनी ब्रेक दाबून धरला. मागच्या कंटेनरनं लांब हॉर्न मारला. "असंच झालं होतं का त्या दिवशी? आता बंद पडणार का ही?"

आबांना आता फक्त गप्प बसायचं होतं. हा भला माणूस इतका घाबरला होता की पायथ्याला पोचल्यावर तो किल्ली हातात देऊन बसनं घरी गेला असता. गाडी गोठ्यात राहिली असती. पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत, कदाचित बरेच महिने, रविवार राहिला असता. गप्प बसणं आबांना आयुष्यभर जमलं होतं. सरुबाईपुढे जमलं, पोरापुढे जमलं. आज आणखी थोडं जमवलं की झालं.

पण शेजारी माणूस घाटात घाबरलाय आणि ब्रेक तापवतोय, हे ज्या ड्रायव्हरला बघवेल तो ड्रायव्हर कसला? आणि धडधाकट गाडीवर आळ घेतला जातोय, तेही त्यांच्या देखत, तेही त्यांच्याच खोट्यामुळं.

"सायेब, पाय हलका करा," आबा म्हणाले. "समदा सोडू नगा, नुसता हलका करा. गाडीला काय झालेलं न्हाई. थोरली बॅटरी भरली. आता करंट ठिवायला जागा न्हाई, म्हनून ती इंजिनाला फिरवून सोताला धरतीया. पेट्रोलचा थेंब जळत न्हाई. आमी दुसऱ्या गिअरवर घाट उतरायचो, ते ही न सांगता करती. पुढलं वळण सपाट हाय, तितं आवाज उतरंल. बघा तुमी."

पुढच्या वळणावर आवाज उतरला. शौनकांनी श्वास सोडला. मग आबा थांबलेच नाहीत. फाटकात इंजिन का लागतं, नाक कुठं आहे, धाकटी आणि थोरलीचं कसं जमतं, हिरवी अक्षरं आल्याशिवाय गाडी चालू समजायची नाही, सगळं सांगितलं. निलेशनं जसं सांगितलं होतं, त्याच शब्दांत.

"मग त्या दिवशी बंद कशानं पडली?" शौनकांनी विचारलं.

आबा खिडकीतून दरीकडं बघत राहिले.

"बंद न्हाई पडली. कदीच न्हाई पडली."

"पण निलेश तर म्हणाले..."

"त्याला मीच तसं सांगितलं हुतं."

"का हो, काका?"

"रविवारी बोलायला कायतरी लागतं," आबा म्हणाले.

आणि मग चारी दारांतून कुणीतरी घसा साफ केला.

"आबा," निलेशचा आवाज आला. रेंज कधीची परत आली होती. तो बराच वेळ ऐकत होता. आबांनी डोळे मिटले. पुढे काही येईल म्हणून शौनकही थांबले, पण निलेश एवढंच म्हणाला, "शौनक, गाडी चांगली आहे. घ्या तुम्ही. ठेवतो."

गाडी गेली. शब्द दिलेला होता, शौनकांना ती आवडली होती, आणि 'राहू दे' असं आबा कोणत्या तोंडानं म्हणणार होते? जाताना त्यांनी मागच्या जाळीवरची धूळ फडक्यानं पुसून दिली. गोठ्यात चाकांचे दोन पट्टे राहिले होते. ते त्यांनी झाडले नाहीत.

रविवार आला. लेण्यांवर जाणाऱ्या पोरांचा गलका वर गेला आणि दुपारनंतर खाली आला. आबांनी चहा केला. फोन समोर ठेवला. लेकाला खोटं सांगून त्याची झोप घालवली, आणि ते परक्या माणसापुढं उघडं पडलं. आता त्यानं फोन करावा तरी कशाला? करायचं कारणही गोठ्यातून गेलं होतं. चहावर साय धरली. उजेड कलायला लागला, भागुबाईंच्या कोंबड्या डालग्याखाली गेल्या.

फोन वाजला.

"आबा, जेवला का?"

"व्हय." जेवले नव्हते.

"तब्येत?"

"बरी हाय."

आबा 'ठिवतो' ची वाट बघत राहिले. पलीकडे निलेश श्वास घेतोय एवढं ऐकू येत होतं.

"आबा."

"हां."

"आपला फ्रीज कसा हाय?"

आबांनी कोपऱ्यात बघितलं. फ्रीज गुणी पोरासारखा गप्प उभा होता. आणला त्या दिवसापासून त्यानं कसलीही तक्रार केली नव्हती, हे आणणाऱ्यालाही ठाऊक होतं. आबांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी निवलेला चहा बाजूला सरकवला.

"मधनंच आवाज करतो," ते म्हणाले.

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. निलेश नीट बसला होता.

"कसा करतो? काढून दावा."

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, ओठ मुडपले, आणि फ्रीजचा म्हणून जो आवाज काढला तो खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या जीपचा होता. बारीक सुरू झाला, चढत गेला, वळणावर दबला, पुन्हा चढला आणि माथ्यावर येऊन थांबला.

पलीकडून निलेश म्हणाला, "आजून."